‘ऑक्टोबर स्काय’नंतरची शाळा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हॉस्टेलवर कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून ‘ऑक्टोबर स्काय’ हा सिनेमा माझ्या लॅपटॉपवर आला. कोळशाच्या खाणीवर जगणारं कोलवुड हे गाव. १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात जातो आणि होमर हिकम नावाचा पोरगा रॉकेट बनवायचं मनावर घेतो. खाणीत न जाता तो गावाबाहेर पडतो, मोठेपणी नासात इंजिनिअर होतो. शेवटी आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हीही गाव सोडूनच आलो होतो.

होमर खरा, कोलवुडही खरं. गेल्या वर्षी रात्री एका डिप्लॉयमेंटची वाट बघताना सहज शोधलं, त्याच्या शाळेचं पुढे काय झालं? बिग क्रीक हायस्कूल २०१० मध्ये बंद झालं. का बंद झालं, ते वाचता वाचता उजाडलं.

ही शाळा वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला, मॅकडॉवेल काउंटीत होती. काउंटी म्हणजे आकारानं आपल्या तालुक्याएवढी, अधिकारानं जिल्ह्यासारखी. १८८०च्या दशकात इथे रेल्वे आली आणि डोंगरांतला कोळसा बाहेर जाऊ लागला. कंपन्यांनी जमिनी घेतल्या, गावं वसवली. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टरही कंपनीचा. गॅरी या गावाला तर यू. एस. स्टीलच्या एल्बर्ट गॅरी यांचंच नाव. युरोपातून आलेले मजूर आणि दक्षिणेतून आलेले कृष्णवर्णीय कामगार इथे एकाच खाणीत उतरत. १९५० मध्ये काउंटीची लोकसंख्या होती ९८,८८७.

आता शाळेच्या पैशांचं गणित बघू. तिथे शाळेला पैसा मिळतो तो मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून आणि राज्याकडून. महामंदीत लोकांना कर झेपेना, म्हणून १९३२ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मालमत्ता करावर मर्यादा घातली गेली. पुढच्याच वर्षी राज्यातले ३९८ शाळा-विभाग मोडून ५५ केले, प्रत्येक काउंटीला एक. राज्याचा वाटा वाढला. आजही हा वाटा सूत्रानं ठरतो आणि त्या सूत्रात पटसंख्येला मोठं वजन आहे. म्हणजे शाळा दोन दोरांवर उभी: जमिनीची आणि कोळशाची किंमत, आणि पोरांची संख्या. मॅकडॉवेलमध्ये दोन्ही दोर खाणीलाच बांधलेले.

मग यंत्रं आली. कोळसा फोडणारी, भरणारी. १९५० मध्ये अमेरिकेत बिट्युमिनस कोळशाच्या खाणींत सुमारे ४ लाख १५ हजार कामगार होते. १९६० मध्ये उरले सुमारे १ लाख ७० हजार. कामगार संघटनेचे जॉन एल. लुईस यांनी यंत्रांना विरोध केला नाही. कमी माणसं, पण चांगला पगार आणि कल्याण निधी, असा तो सौदा होता. ज्यांची नोकरी टिकली त्यांचं भलं झालं. बाकीच्यांनी सामान बांधलं. दिवसभर दुसऱ्यांचं काम कमी करणारा कोड लिहिणाऱ्या मला हे वाचून गप्प व्हायला झालं.

२९ मे १९६१. केनेडी सरकारच्या नव्या योजनेतली पहिली फूड स्टॅम्प्स याच काउंटीतल्या वेल्च शहरात वाटली गेली. कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन यांनी ९५ डॉलरची कुपनं एका बेकार खाणकामगाराच्या कुटुंबाच्या हातात दिली. त्या घरात १३ मुलं होती.

एवढा कोळसा निघालेल्या ठिकाणी कराचा पैसा गेला कुठे? १९८१ मध्ये अपॅलेशियातल्या ८० काउंटींच्या भूमालकीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमीन आणि खनिजं मोठ्या प्रमाणात बाहेरच्यांच्या मालकीची आणि खनिजांवरचा कर नगण्य, असं त्यात दिसलं. याच राज्यातल्या लिंकन काउंटीतले पालक १९७५ मध्ये कोर्टात गेले होते. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. पण हक्क मान्य झाला म्हणून पट वाढत नाही.

मॅकडॉवेलची लोकसंख्या घटत राहिली, शाळा एकमेकींत विलीन होत गेल्या. २००१ मध्ये राज्यानं काउंटीच्या शाळांचा कारभारच ताब्यात घेतला, तो परत केला २०१३ मध्ये. बिग क्रीकची मुलं नव्या रिव्हर व्ह्यू हायस्कूलमध्ये गेली. डोंगराळ रस्ता, लांबचा बसप्रवास. २०१६ मध्ये वॉलमार्टही बंद झालं. त्याच्या नोकऱ्या गेल्या, तसा करही गेला. आज तिथल्या मोठ्या नोकरीदात्यांत शाळा-मंडळच येतं. शिक्षक मिळावेत म्हणून वेल्चमध्ये शिक्षक संघटनेच्या पुढाकारानं त्यांच्यासाठी घरं बांधावी लागली. २०२० च्या जनगणनेत काउंटीत माणसं होती १९,१११.

सिनेमा होमरसोबत गावाबाहेर पडतो. सूत्र गावातच राहतं. त्याला होमर कळत नाही, पटावरचं एक नाव कमी झालेलं तेवढं कळतं.

यंदा गणपतीला घरी गेलो तेव्हा आमच्या जिल्हा परिषद शाळेत डोकावलो. माझ्या एका वर्गात आम्ही ३१ जण होतो. आता चार इयत्ता मिळून १९. बाईंनी आग्रह केला म्हणून मुलांना माझ्या नोकरीबद्दल सांगितलं. शेवटी एकानं विचारलं, “दादा, हे काम इथं राहून करता येतं का?”

घरून काम करण्याची दोन वर्षं मी पुण्यातल्या फ्लॅटवर काढली होती. त्याला म्हटलं, “येतं.”