आठाची पाऊणपट सहा

तर झालं असं, की एका शनिवारी सकाळी दहा वाजता मी वसईच्या खाडीवर गळ घेऊन उभा होतो. तंगूस नवा, गळ नवे, शिसं नवं, पिशवीत कोळंबी. सगळी तयारी होती, फक्त पाणी नव्हतं. ते माझ्या डोळ्यांदेखत मागे मागे चाललं होतं. मीही त्याच्या मागे चिखलात उतरलो आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत गेलो. एक चप्पल अजून तिथेच आहे.

काठावर जाळं विणत बसलेल्या एका काकांनी दोर टाकला. वर आल्यावर पहिला प्रश्न: "आज तिथी कुठली?"

तारीख विचारली असती तर सेकंदासकट सांगितली असती. तिथी? छे!

"अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती होऊन गेली, बाराला ओहोटी. त्यात आज भांग, पाण्याला जोर नाही. गळ कशाला टाकतोस भाऊ?"

ट्रेनमध्ये बसून मी हे सूत्र तपासलं. (सवय!) अमावास्या ते पौर्णिमा या पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. काकांचं गणित ४५ धरतं. रोज तीन मिनिटांची चूक, ती साठत जाते आणि पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजणी सुरू! चूक साठू द्यायची आणि पंधरा दिवसांनी रीसेट. प्रत्यक्षात तासभर इकडेतिकडे होतं, पण तोंडी करायच्या हिशोबाला आणखी काय हवं?

मग वाचायला लागलो. 'पेरिप्लस' हे पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं खलाशांचं मार्गदर्शक. त्यात आपलं कल्याण आहे, 'कल्लिएना' नावाने. आणि भडोचच्या खाडीचं वर्णन आहे: समुद्राचा तळ अचानक उघडा पडतो, अनोळखी जहाजं अडकतात. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार पुढे येत, भरती लागली की जहाजं आत ओढत आणि ओहोटी संपेपर्यंत ठरलेल्या जागी थांबवून ठेवत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा बाहेरच्या शहाण्याला वाचवायला काठावरचाच माणूस लागत होता.

इंग्रजांनी हेच ज्ञान यंत्रात घातलं. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या पातळीच्या नोंदी आहेत. लॉर्ड केल्विनने १८७० च्या दशकात भरती सांगणारं यंत्र काढलं आणि १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्सच्या देखरेखीखाली हिंदुस्थान सरकारसाठी तसंच एक इंग्लंडमध्ये तयार झालं. एक चाक चंद्राच्या लाटेचं, एक सूर्याच्या, अशी बरीच. सगळ्यांवरून एक तार जाते, ती लाटांची बेरीज करते आणि कागदावर वर्षभराची भरती-ओहोटी काही तासांत उमटते. वीज नाही, कोड नाही, पण कॉम्प्युटरच की!

असो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मी शिकलेलं थोडक्यात. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी पोचा. पाणी चढतं तेव्हा मासे काठाकडे चरायला येतात, आणि भरती उलटल्यावरचा पहिला तासही चांगला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईकडे पाणी चार मीटरहून जास्त चढतं, तेव्हा परतीची वाट पाठीमागे बुडणार नाही अशीच जागा धरा. चिखलात उतरू नका. आणि शिंगाळा लागला तर हाताने पकडू नका, त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो.

आता वेळ मी मोबाईलवरच बघतो, ती जास्त अचूक असते. पण काकांच्या नातवाला तिथीचा हिशोब येतो का, असं विचारलं तर ते हसले. "त्याच्याकडेपण मोबाईल आहे."

म्हणून इथे लिहून ठेवलं. पुढच्या शनिवारी निघण्याआधी कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. मला पहिला मासा एकादशीला मिळाला, सव्वाआठच्या भरतीला. (आईला सांगितलेलं नाही.)