फाटक्या आवाजाची कुळी

ब्लूजसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायला निघालेल्या गिटारवाल्यापुढे ब्रँड, व्हॉल्व्हचे नंबर आणि वॅट यांची लांबलचक यादी येते. यादी खोटी नसते, पण एक गोष्ट तिच्यात येत नाही. ज्या ऊबदार आवाजासाठी हा खटाटोप चालतो, तो काढायला हे यंत्र बनलेच नव्हते. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने 1940च्या दशकात गिटारसाठी ॲम्प बनवायला घेतले, तेव्हा त्याची बरीचशी गिऱ्हाइके कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारी होती. त्यांना स्वच्छ, खणखणीत आवाज हवा होता. सर्किटेही व्हॉल्व्ह कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत छापलेल्या नमुन्यांच्या जवळपासची. आवाज फाटला तर तो ॲम्पचा दोषच मानला जाई.

या दोषाला मान मिळाला तो गोंगाटामुळे. 1943मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आलेल्या मडी वॉटर्ससारख्या ब्लूजवाल्यांना गजबजलेल्या बारमध्ये ऐकू जायचे होते. हाताशी ॲम्प लहान, म्हणून आवाजाची खुंटी शेवटपर्यंत पिळलेली. अशा वेळी व्हॉल्व्हला मिळणारा विद्युतदाब पुरत नाही आणि ध्वनिलहरीचे माथे हळूहळू गोलावतात. जोरात तार छेडली की वीज पुरवणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह क्षणभर दमतो आणि पुन्हा सावरतो. त्यामुळे स्वर आधी दबून मग फुलल्यासारखा वाटतो. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि कागदी स्पीकर आपापली भर घालतात. (1951मध्ये मेम्फिसला ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रॉकेट 88’ या गाण्यातली प्रसिद्ध घरघर मात्र वाटेत बिघडलेल्या ॲम्पमध्ये कागद कोंबून निभावल्याची. तिचे श्रेय व्हॉल्व्हला देऊ नये.)

पुढची पायरीही अशीच आडवाटेची. फेंडरचा 1952चा ‘बेसमन’ नावाप्रमाणे बेस गिटारसाठी होता. पुढे त्यात 10 इंची चार स्पीकर आले आणि गिटारवाल्यांनीच तो उचलला. लंडनमध्ये ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलने केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्यासह 1962मध्ये जवळजवळ त्याचीच नक्कल केली, पण सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते घातले. 1966मध्ये जॉन मेयॉलबरोबर वाजवताना एरिक क्लॅप्टनने मार्शलच्या अशा ॲम्पचा आवाज स्टुडिओतही रंगमंचावरच्याइतका मोठा ठेवला, आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच आवाजाला नमुना मानले.

यावर कोणी म्हणेल, की बी. बी. किंग तर कित्येक वर्षे ‘लॅब सिरीज एल 5’ हा ट्रान्झिस्टरचा ॲम्प वापरत होता. खरे आहे, आणि त्याच्या सुराला कोरडे कोण म्हणेल? पण त्याची ऊब बरीचशी बोटांतली होती. त्याला ॲम्प फाटायला नकोच होता. तसे वाजवणाऱ्याने व्हॉल्व्हचा हट्ट खुशाल सोडावा. दुसरा दावा ‘व्हॉल्व्ह सम हार्मोनिक देतो, म्हणून गोड लागतो’ असा असतो (सम हार्मोनिक म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर). तो अर्धाच खरा, कारण बेसमनसारख्या पुश-पुल ॲम्पमध्ये आउटपुट व्हॉल्व्हच्या जोडीत सम हार्मोनिक बरेचसे एकमेकांना खोडतात. तरीही तो ऊबदार लागतो, म्हणजे गुण एकट्या व्हॉल्व्हचा नाही, दमलेल्या साऱ्या साखळीचा आहे.

तेव्हा निवडताना आधी पाहावे, की आपल्या जागेत हा ॲम्प दमवता येईल का. 85 वॅटचा ‘ट्विन रिव्हर्ब’ घरात स्वच्छच राहील. शेजारी आधी दमतील. मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा आवाज कमी करणारी खुंटी, आहे ना, असे दुकानदार म्हणेल. पण त्याने आधीचे छोटे व्हॉल्व्ह तेवढे फाटतात, आउटपुट व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर आरामातच राहतात. 5 वॅट आणि 50 वॅट यांत दहापटीचा फरक दिसला तरी कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. म्हणून घरासाठी 5 आणि ड्रमच्या सोबतीसाठी 15-20 वॅटपासून सुरुवात करावी. लहान ॲम्पचा 8 इंची स्पीकर डबीत बसल्यासारखा वाजला, तर महागडे व्हॉल्व्ह मागवण्याआधी ओहम जुळवून तोच ॲम्प 12 इंची स्पीकरवर ऐकावा.