मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया व पुनर्वसन

मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया म्हणजे ओठ, जीभ, गाल, हिरडी, टाळू किंवा जिभेखालील भाग यांत उद्भवलेली कर्करोगाची गाठ सभोवतालच्या निरोगी ऊतकासह काढून टाकणे, मानेतील लसीकाग्रंथींवर उपचार करणे आणि काढलेल्या भागाची पुनर्रचना करणे. शरीराच्या इतर अनेक कर्करोगांत किरणोपचार किंवा औषधे हा पहिला पर्याय असू शकतो. मुखाच्या कर्करोगात मात्र शस्त्रक्रिया शक्य असेल तर तीच मुख्य उपचारपद्धती मानली जाते. प्रस्तुत लेखात हा विषय मुख्यतः मराठवाडा आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) यांच्या संदर्भात मांडला आहे.

पार्श्वभूमी

पाश्चात्त्य देशांत मुखकर्करोग प्रामुख्याने जिभेवर आणि जिभेखाली आढळतो. भारतात मात्र गाल आणि खालची हिरडी यांमधील खोबणीत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो, कारण तंबाखू-चुन्याची गोळी, गुटखा किंवा मावा याच खोबणीत तासन्‌तास धरून ठेवला जातो. मराठवाड्यातील खेड्यांत स्त्रियांमध्ये मशेरी लावण्याची सवय आहे. ती दात घासण्यापुरतीच आहे असे समजून तिची गणना व्यसनात केली जात नाही, आणि तपासणीच्या वेळी 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर मिळते. सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड हळूहळू उघडेनासे होते. या विकारास सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. तत्पूर्वी २००२ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द ठरवली होती.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील दोन उदाहरणे सर्वपरिचित आहेत. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये मुखकर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरही त्यांचे राजकीय कार्य चालू राहिले आणि तंबाखूच्या सवयीबद्दलचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे व्यक्त केला आहे. राज्याचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने निधन झाले.

निदान

दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कारणावाचून हलू लागलेला दात, तोंड कमी उघडणे आणि मानेतील गाठ ही प्रमुख लक्षणे होत. प्रारंभी व्रण बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते. निदानासाठी व्रणाचा लहानसा तुकडा काढून तपासतात (बायॉप्सी). 'तुकडा काढला, चाकू लावला की रोग पसरतो' हा समज ग्रामीण भागात खोलवर रुजलेला आहे. त्यास वैद्यकीय आधार नाही. परंतु या समजापायी झाडपाल्यात आणि गंडेदोऱ्यांत गेलेल्या महिन्यांत रोग मात्र खरोखरच पसरतो. गाठीच्या आकारासोबत ती किती खोल गेली आहे, याचाही विचार २०१८ पासून लागू झालेल्या टप्पेनिश्चितीत केला जातो. जबड्याचे हाड व मान यांची व्याप्ती सीटी स्कॅनने आणि जिभेची एमआरआयने पाहतात.

शस्त्रक्रिया

गाठ काढताना तिच्या सर्व बाजूंनी सुमारे एक सेंटिमीटर निरोगी ऊतक घेतले जाते. हाडाला रोग केवळ लागून असेल तर जबड्याची वरची कड काढून खालची कमान राखता येते. रोग हाडात शिरला असेल तर जबड्याचा तेवढा तुकडाच काढावा लागतो. गाठ, जबडा आणि मानेतील ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रुग्णालयांत 'कमांडो' या नावाने ओळखली जाते.

मानेतील ग्रंथी केव्हा काढाव्यात, हा दीर्घकाळ वादाचा प्रश्न होता. मानेत गाठ लागत नसताना ग्रंथी आधीच काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीने या प्रश्नाचे उत्तर दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रारंभिक अवस्थेतील ज्या रुग्णांच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या त्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. या निष्कर्षाचा प्रभाव जगभरच्या उपचारपद्धतीवर पडला.

पुनर्रचनेसाठी छातीचा स्नायू त्वचेसह वळवून तोंडात आणण्याची पद्धत स्टीफन आरियन यांनी १९७९ मध्ये वर्णिली. ती तुलनेने कमी वेळात होते व सूक्ष्मदर्शकाची गरज नसते, त्यामुळे रुग्णसंख्या मोठी असलेल्या शासकीय रुग्णालयांत आजही उपयुक्त आहे. मनगटाजवळची पातळ त्वचा जिभेसाठी, तर पायाच्या नडगीशेजारचे फिब्युला हे हाड जबड्यासाठी वापरता येते. अशा वेळी रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना जोडाव्या लागतात आणि शस्त्रक्रिया आठ-दहा तास चालू शकते.

रुग्णालयातील काळ

पहिल्या दोन-तीन दिवसांत जोडलेल्या भागाचा रंग व उष्णता वारंवार पाहिली जाते. तो काळसर-निळा किंवा फिकट पडल्यास रुग्णास तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. सूज मोठी असेल तर श्वासासाठी गळ्याला तात्पुरते छिद्र करतात. या काळात रुग्णास बोलता येत नाही, म्हणून पाटी किंवा वही हाताशी ठेवणे उपयुक्त ठरते. लिहिता न येणाऱ्या रुग्णासाठी खुणा आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. अन्न नाकातील नळीतून दिले जाते.

काढलेल्या भागाचा सविस्तर अहवाल आल्यावर पुढील उपचार ठरतात. कडेला रोग शिल्लक असल्यास, ग्रंथींत रोग आढळल्यास किंवा गाठ मोठी असल्यास बहुधा सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू करतात. ते आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतात. ग्रंथीचे आवरण फोडून रोग बाहेर गेला असल्यास वा कडेला रोग राहिला असल्यास सोबत रसायनोपचारही देतात. दुखरे व किडलेले दात किरणोपचारापूर्वीच काढावेत. नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो.

पुनर्वसन

शस्त्रक्रिया एका दिवसाची, पुनर्वसन मात्र महिनोन्‌महिन्यांचे असते, आणि बहुतेक कुटुंबांची तयारी येथेच अपुरी पडते. निरोगी माणसाच्या तोंडात उभी तीन बोटे मावतात. वरच्या व खालच्या दातांमधील अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी झाल्यास तोंड आखडले असे समजतात. यावर लाकडी चपट्या काड्यांचा गठ्ठा दातांत धरून दर काही दिवसांनी एकेक काडी वाढवण्याचा साधा व्यायाम सांगितला जातो. तो दिवसातून अनेकदा करावा लागतो. वेदनेमुळे सोडून दिल्यास किरणोपचारानंतर गमावलेले अंतर परत मिळवणे अवघड होते. मानेच्या शस्त्रक्रियेत खांद्याच्या चेतातंतूला ताण पडतो. हात डोक्यावर जात नाही, खांदा उतरतो. शेतकरी व मजूर यांच्या दृष्टीने हा प्रश्न चेहऱ्याच्या व्रणापेक्षाही गंभीर असतो, कारण त्यावर रोजगार अवलंबून असतो.

आहारात भाकरी लगेच शक्य नसते. ती दुधात किंवा वरणात पूर्ण कुस्करून, तसेच ज्वारीची आंबील, मऊ मुगाची खिचडी, ताक, अंडे असे पदार्थ दिले जातात. किरणोपचारानंतर लाळ कमी होते आणि तिखट बराच काळ सोसत नाही. ठेच्याची सवय असलेल्या माणसाला ही बाब जड जाते.

वाणीवरील परिणाम गाठीच्या जागेवर अवलंबून असतो. ओठ गेल्यास प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण बिघडतात. जिभेचे टोक गेल्यास त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण आणि जीभ मागे वळवून उच्चारावे लागणारे ट, ठ, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण अस्पष्ट होतात. 'बाळ' आणि 'बाल' यांतील फरक पुन्हा साधण्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञाचे साहाय्य लागते.

रोग उलटण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो, म्हणून या काळात दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी आवश्यक असते. तंबाखू चालू राहिल्यास तोंडात दुसऱ्या ठिकाणी नवा कर्करोगही होऊ शकतो. व्यसनमुक्तीसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

छत्रपती संभाजीनगरातील सुविधा

शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९५६) व त्याचे 'घाटी' रुग्णालय हे मराठवाड्यातील रुग्णांचे जुने आश्रयस्थान आहे. त्याच्या अंतर्गत आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. त्यास राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला आहे. तत्पूर्वी किरणोपचारांसाठी अनेकांना मुंबईची वाट धरावी लागे आणि राहण्याच्या खर्चामुळे उपचार अर्धवट सुटत. शासकीय दंत महाविद्यालयात तोंडाची तपासणी व दंतोपचार होतात. पात्र कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचारासाठी साहाय्य मिळते. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत असल्यास नोंदणीतील विलंब टळतो.