बाबांचं बोट आणि केल्सचा हात

बाबांच्या डाव्या तर्जनीच्या टोकाला एक चीर आहे. थंडीत ती उघडते, पावसाळ्यात मिटते, पण पुरती कधी भरत नाही. सोलापूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी एकदा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. काही निघालं नाही. ‘लक्ष ठेवा’ म्हणाले. बाबा लक्ष ठेवत नाहीत, मी ठेवते.

आमच्या घरात दोन डेंटिस्ट. बाबांनी १९७९ साली बार्शीत क्लिनिक टाकलं, मी २०११ साली त्यातच दुसरी खुर्ची लावली. चौऱ्याऐंशी साली बाबांनी एक जुनं एक्स-रे मशीन विकत घेतलं. तेव्हा दाताच्या एक्स-रेची फिल्म असायची जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी. ती तोंडात, दाताच्या आतल्या बाजूला धरावी लागते. मोठा माणूस स्वतःच्या बोटाने धरतो. लहान पोर रडतं, जिभेने ढकलतं, कधी चावतं. फिल्म हलली की ती वाया, आणि खेड्यावरून एसटीने आलेली आई पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून बाबा स्वतःचं बोट घालायचे. डाव्या तर्जनीने फिल्म दाबून धरायची, उजव्या हाताने पोराचं डोकं, आणि मागे हाक: ‘मामा, दाबा!’ कंपाउंडर मामा बटण दाबायचे.

कॉलेजात रेडिऑलॉजीच्या पहिल्याच तासांना आम्हाला सांगितलं होतं की एक्स-रे काढणाऱ्याने फिल्म कधीही स्वतः धरायची नाही. नियम वर्गात होता. खाली ओपीडीत मात्र बोटं दिसायची. सुट्टीत घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘अगं, एका सेकंदाचं काम. इतकी वर्षं धरतोय, काय झालं?’ तेव्हा चीर नव्हती. मीही विषय सोडून दिला.

मग आलं २०२०. मार्चच्या अखेरीला लॉकडाऊन लागला आणि आमचं काम पहिल्या दिवशी थांबलं. कारण एअरोटर. दात कोरायचं हे यंत्र हवेवर फिरतं, आणि पाणी-लाळेचा बारीक फवारा खोलीभर उडवतं. त्या दिवसांत याहून भीतीदायक दुसरं काही नव्हतं. क्लिनिक बंद, हप्ते चालू. आणि फोनवर वेबिनारांचा पूर. सकाळी अकराला इम्प्लांट, दुपारी तीनला रूट कॅनल, रात्री आठला पीपीई किट कसं घालायचं. बहुतेक फुकट, शेवटी ई-सर्टिफिकेट. खरं सांगते, एकदा मी आवाज बंद करून भाकऱ्या थापल्या आणि प्रगत रूट कॅनलचं सर्टिफिकेट मिळवलं.

असाच एक वेबिनार रेडिएशनपासूनच्या बचावावर होता. बाबा शेजारी लसूण सोलत बसले होते. पडद्यावर एका गोऱ्या माणसाचा जुना फोटो आला आणि वक्त्या म्हणाल्या, यांचा हात एक्स-रेने गेला. बाबांनी लसूण खाली ठेवला. ‘कोण हा?’

वक्त्यांनी त्याच्यावर अर्धा मिनिट घालवला असेल. मी मग पुढचे दोन आठवडे त्याच्याच मागे होते.

चार्ल्स एडमंड केल्स, न्यू ऑर्लिन्स, जन्म १८५६. वडीलही डेंटिस्ट. (आमच्यासारखंच, बाबा म्हणाले.) मोठा खटपट्या माणूस. क्लिनिकात विजेची उपकरणं आणणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक, नावावर अनेक पेटंट. डेंटिस्टच्या हाताखाली मदतनीस म्हणून बाई नेमणाऱ्यांतही त्याचं नाव पहिलं घेतात. ते साल १८८५.

रोंटगेनला एक्स-रे सापडले नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वाल्कहॉफ या डेंटिस्टने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्याला पंचवीस मिनिटं लागली. आणि जुलै १८९६ मध्ये केल्स अ‍ॅशव्हिल गावी दक्षिणेतल्या डेंटिस्टांच्या अधिवेशनात जिवंत माणसाच्या दातांचा एक्स-रे कसा काढायचा ते दाखवत होता. शोध लागून आठ महिने! आमच्याकडे आरव्हीजी, म्हणजे फिल्मऐवजी थेट कॉम्प्युटरवर फोटो देणारा सेन्सर, बाजारात आल्यावर वीसेक वर्षांनी आला.

त्या काळच्या नळ्या लहरी असत. आतला वायू कमीजास्त झाला की किरणांचा जोर बदलायचा. म्हणून पेशंटला बसवण्याआधी नळी ‘लावून’ घ्यावी लागे. त्याची पद्धत सोपी होती: नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये आपला हात धरायचा. हातातली हाडं स्पष्ट दिसली की नळी बरोबर लागली. दर वेळी, दर पेशंटला. केल्सने हे वर्षानुवर्षं केलं. लगेच काही होत नव्हतं, दुखत नव्हतं. मग कातडी गेली, मग कॅन्सर झाला. एकामागून एक शस्त्रक्रिया. आधी बोटं गेली, मग हात. १९२८ साली त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

इथवर ही एका धाडसी माणसाची गोष्ट आहे. पण वाचता वाचता मला दुसरा एक डेंटिस्ट भेटला आणि मी तिथे अडकले. विल्यम रोलिन्स, बोस्टन. १८९८ मध्ये त्याचा स्वतःचा हात एक्स-रेने भाजला, तेव्हा तो कामाला लागला. गिनिपिगांना त्याने एक्स-रेखाली ठेवलं, ते मेले. मग त्याने लिहिलं: नळीला शिशाचं आवरण घाला, डोळ्यांवर शिशाची काच लावा, पेशंटचा जेवढा भाग बघायचा तेवढाच उघडा ठेवा. आजही आम्ही वेगळं काही सांगत नाही. हे छापून आलं तेव्हा साल होतं १९०१.

एकोणीसशे एक! केल्सच्या मृत्यूच्या सत्तावीस वर्षं आधी. बाबांनी मशीन घेतलं त्याच्या त्र्याऐंशी वर्षं आधी.

माहिती नव्हती असं म्हणता येत नाही. टपाल होतं, रेल्वे होती. मग ही गोष्ट चालत्या क्लिनिकांपर्यंत का पोचली नाही? एक कारण उघड आहे: भाजलेलं दिसायला वेळ लागायचा, आणि दिसलं तरी लोक दोष विजेला द्यायचे, ओझोनला द्यायचे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रोलिन्सचा तो लेख आला ‘बोस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या साप्ताहिकात. डेंटिस्ट वाचायचे ‘डेंटल कॉस्मॉस’. ते मासिक होतं एस. एस. व्हाइट या कंपनीचं. ही कंपनी दात विकायची. चिनी मातीचे दात, खुर्च्या, हत्यारं. १८५९ पासून कॉस्मॉस निघत होतं आणि खरंच चांगलं होतं. पण विक्रेत्याच्या दुकानातून आलेलं ज्ञान ‘हे घ्या’ जितक्या आवाजात सांगतं, तितक्या आवाजात ‘हे आवरा’ सांगत नाही. फुकट वेबिनारच्या कोपऱ्यातला टूथपेस्टचा किंवा इम्प्लांटचा लोगो मी आता वेगळ्या नजरेने बघते. सगळं खोटं असतं असं अजिबात नाही. पण काय शिकवायचं हे कुणीतरी निवडलेलं असतं.

आणखी एक मजेची गोष्ट. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज बाल्टिमोरचं, १८४० चं. पण ‘अमेरिकन जर्नल ऑफ डेंटल सायन्स’ हे मासिक निघालं १८३९ मध्ये. म्हणजे विद्यार्थ्यांच्या शाळेआधी कामकऱ्यांची शाळा! ते साहजिकच होतं. तेव्हाचे बहुतेक डेंटिस्ट कुणाच्या तरी हाताखाली चार महिने राहून धंद्याला लागलेले. आम्ही कोरलेल्या दातांचे वर्ग ज्याच्या नावाने पाठ करतो त्या जी. व्ही. ब्लॅकचं शिक्षणही तसंच झालं, आणि पुढे तो नॉर्थवेस्टर्नच्या डेंटल स्कूलचा डीन झाला. आपल्याकडे क्रम उलटा. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत आयोवाला शिकून कलकत्त्याला परतले, १९२० मध्ये त्यांनी देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं, आणि त्याचा खर्च आपल्या आइस्क्रीमच्या दुकानातून चालवला. (दात किडवायचे आणि बुजवायचे, दोन्ही एकाच गल्ल्यातून, असं बाबांचं म्हणणं.) मासिक त्यानंतर, १९२५ मध्ये.

शिकत राहणं ही आपल्या मर्जीची गोष्ट राहिली नाही ती गेल्या पन्नाससाठ वर्षांत. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९६९ मध्ये पहिल्यांदा सांगितलं की शिकल्याचा पुरावा दाखवा, तरच परवाना चालू राहील. ब्रिटनने २००२ पासून डेंटिस्टांना ते बंधनकारक केलं; २०१८ पासून तिथे पाच वर्षांत शंभर तास भरावे लागतात. आपल्या डेंटल कौन्सिलने तसे नियम २००७ मध्ये केले. तेव्हापासून आम्ही पॉइंट गोळा करतो. बाबा पॉइंटांसाठी पुण्याला जायचे: पहाटेची एसटी, हॉटेलच्या हॉलमध्ये दोन भाषणं, जेवण, पिशवी, पेन, रात्री परत. क्लिनिकचा एक दिवस बुडायचा. त्या पिशव्या आई अजून भाजीला वापरते.

पण शिक्षणापेक्षा भीती वेगाने शिकवते हेही खरं. बाबांनी कायमचे हातमोजे घातले ते नव्वदीनंतर. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या एका डेंटिस्टकडून पेशंटला एचआयव्ही झाल्याची बातमी आली आणि जगभरच्या क्लिनिकांत उघडे हात अचानक झाकले गेले. निर्जंतुकीकरणाचे धडे पुस्तकात आधीही होते. २०२० मध्ये तेच झालं. एक्स-रेची भीती मात्र कधी आलीच नाही, कारण त्याने बातमी होत नाही. एक चीर पडते, तीही वीस वर्षांनी. आणि खरं तर बाबांची चीर एक्स-रेचीच आहे असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. चाळीस वर्षं स्पिरिट, साबण, प्लॅस्टर यांतही ते बोट होतंच.

त्या वेबिनारच्या शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. बाबा म्हणाले, ‘विचार त्यांना, पोर रडत असेल तर फिल्म धरायची कुणी?’ मी टाइप केलं. उत्तर आलं: आधी होल्डर वापरा. अगदीच जमलं नाही तर आई किंवा बाप, लेड अ‍ॅप्रन घालून. डॉक्टरने नाही, मदतनिसाने नाही. त्यांनी सहा फूट लांब राहायचं किंवा भिंतीआड.

‘सहा फूट?’ बाबा म्हणाले. ‘आपली खोली दहा बाय बारा. त्यात दोन खुर्च्या.’

मला आठवले कंपाउंडर मामा. बावीस वर्षं त्यांनी ते बटण दाबलं, मशीनला जवळजवळ टेकून. मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे, दातांच्या मशीनचीही नोंद तिथे करावी लागते. पण मामांना कुणी काही सांगितलं नव्हतं. बाबांना स्वतःलाच नीट ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक झाल्यावर मी सुट्टी संपवून कॉलेजला निघून गेले. मामा २००६ मध्ये वारले, हृदयविकाराने. माझे पॉइंट माझ्या नावावर जमतात. मामांच्या नावावर जमतील असा रकानाच नव्हता, अजूनही नाही. ब्रिटनमध्ये २००८ पासून डेंटल नर्सची नोंदणी होते, त्यांनाही शिकत राहावं लागतं. आमच्या क्लिनिकात २०१६ पासून एक मुलगी आहे, बारावी झालेली. हत्यारं धुणं, ऑटोक्लेव्ह लावणं, बटण दाबणं सगळं ती करते. जूनमध्ये क्लिनिक उघडायच्या आधी मी तिला बोलावून त्या वेबिनारचं रेकॉर्डिंग दाखवलं. इंग्रजीत होतं, मी थांबवून थांबवून सांगत होते. त्या दिवशी दोनशेवर डेंटिस्ट हजर होते. त्यांच्यातल्या कुणीच न विचारलेला प्रश्न तिने विचारला, ‘मॅडम, मग मी कुठे उभी राहू?’

आम्ही टेप घेऊन खोली मोजली. खुर्चीपासून दारापर्यंत सव्वासात फूट, आणि दाराबाहेर बोळात नऊ इंची विटांची भिंत. इलेक्ट्रिशियनने बटणाची वायर बोळापर्यंत वाढवून दिली, साडेतीनशे रुपये घेतले. लहान मुलांच्या मापाचा होल्डर मागवला.

पहिला पेशंट आला तो पांगरीचा सात वर्षांचा मुलगा, गाल सुजलेला. होल्डर तोंडात गेल्या गेल्या त्याने जिभेने बाहेर ढकलला. पुन्हा घातला, पुन्हा ढकलला. पोर रडायला लागलं. बाबांची तर्जनी सवयीने पुढे गेली, मी ती पाहिली. मग त्यांनी हात मागे घेतला, अ‍ॅप्रनच्या खिशात घातला आणि मुलाच्या आईला म्हणाले, ‘ताई, हा जड कोट घाला आणि त्याचं डोकं धरा. आम्ही बाहेर उभे राहतो.’