कावसजीचे नाक आणि कपाळावरचा वण

इसवी सन 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका मराठी बैलहाक्याची तसबीर छापून आली, आणि तिच्यासोबतच्या पत्रातून पुण्याजवळील एका कारागिराचे कसब इंग्लंडातील शल्यवैद्यांस सविस्तर कळले. 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेचे बैल हाकीत असता टिपूच्या कैदेत सापडलेल्या या कावसजीचे नाक व एक हात छाटण्यात आले होते, आणि पुढे कंपनी सरकारकडून पेन्शन मिळाली तरी, ज्या समाजात नाक हेच अब्रूचे दुसरे नाव, त्या समाजात तो वर्षाहून अधिक काळ तशाच मुद्रेने वावरला.

त्याला नवे नाक दिले ते विटा घडविणाऱ्या कुंभार जातीच्या एका माणसाने. मेणाचा पातळ पत्रा थोट्या नाकावर बसवून त्याला नाकाचा घाट द्यावयाचा, तोच सपाट करून कपाळावर ठेवून कडेने रेघ ओढावयाची, आणि रेघेआतील कातडी सोडवताना दोन्ही डोळ्यांमधील चिंचोळी पट्टी मात्र अखंड राखावयाची, कारण रक्त पोचते ते तिच्यातूनच. याहून मला मोलाची वाटते ती पुढची कृती: थोट्यावरचा जुना वण तो तासून काढी. वणाला वण सांधत नाही, ताज्या कडेलाच ताजी कड धरते, हे ज्ञान तीत आहे. आज विद्रूप वण छाटून निरोगी कडा नव्याने जुळविणारा शल्यवैद्य याच तत्त्वावर विसंबतो. मग कपाळाची ती कातडी खाली वळवून बसविल्यावर सांध्यावर काताच्या लेपाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या चिंध्या, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधील ती कातडीची पट्टी छेदणे. कपाळावरचा वणही कालांतराने फारसा नजरेत भरत नाही, अशी नोंद त्या पत्रात आहे.

वणाच्या रूपाची ही आस्था आपल्याकडे पुरातन आहे. सुश्रुताने व्रणाचे जे 60 उपक्रम सांगितले, त्यांत खोलगट व्रण भरून आणणारे उत्सादन व उंचावलेला बसविणारे अवसादन यांच्या जोडीला, पांढऱ्या वणाला वर्ण देणारे कृष्णकर्म आणि काळवंडलेल्यास उजळविणारे पांडुकर्म यांनाही स्वतंत्र स्थान आहे. मात्र संहितेत नाकासाठी कातडी घेतली आहे ती गालाची. त्यामुळे कुंभाराची विद्या पोथीतून नव्हे, तर हातातून हातात आली असावी, असे माझे मत आहे. रोगी, शस्त्रक्रिया पाहणारे मुंबई इलाख्याचे शल्यवैद्य क्रूसो व फिंडले, चित्रकार जेम्स वेल्स, या सर्वांची नावे राहिली. त्या कुंभाराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही, याची खंत वाटते.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूने 1814 साली कपाळाच्याच कातडीने नाक घडविले व 1816 साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हापासून शल्यशास्त्राच्या ग्रंथांत त्या रीतीला हिंदी पद्धत म्हणतात.