पिकाच्या आण्यांपासून द्वारकेच्या फ्लॅटपर्यंत

द्वारकेहून सुटलेली ब्लू लाइन मेट्रो शादीपूर आणि पटेल नगर ही स्थानके घेते तेव्हा उजव्या हाताला पुसाचा परिसर असतो. बिहारमधल्या पुसा गावची शेती संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीत हलवली गेली, आणि येताना गावाचे नावही घेऊन आली. याच परिसरात भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्था आहे. द्वारकेतल्या दीनदयाळ उपाध्याय कॉलेजात किंवा इंद्रप्रस्थ विद्यापीठात पहिल्या सत्राची मुले समष्टी, नमुना, सरासरी, अभिनती या कल्पना शिकतात. त्या कल्पनांचा या देशातला पाया कृषी सांख्यिकीने घातला. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन मराठी माणसांचे १९५४ सालचे पुस्तक शेती संशोधकांच्या पिढ्यांनी गुरूसारखे वापरले. मात्र या विद्येचा माग काढायचा तर पुसाला थांबून चालत नाही. तो पुणे जिल्ह्यातल्या एका फसलेल्या मोजणीपर्यंत जातो.

त्याच्याही मागे सरासरी आहेच. अकबराच्या दरबारी ‘आईन-इ-अकबरी’त प्रत्येक पिकासाठी चांगली, मध्यम आणि वाईट जमीन धरून तीन उत्पन्ने दिली आहेत. त्यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा म्हणजे सरासरी पीक, आणि त्या सरासरीचा तिसरा हिस्सा म्हणजे सरकारचा वाटा. तोडरमलने १५८० च्या सुमारास दहा वर्षांची सरासरी धरून सारा ठरवला. हिशेब सुबक होता. पण चांगली, मध्यम आणि वाईट जमीन गावात सारख्याच प्रमाणात असते हे त्यात मुकाट्याने गृहीत धरलेले होते. एखाद्या गावात वाईट जमीनच जास्त असेल, तर ही सरासरी शेतकऱ्याच्या मुळावर येई.

पेशवाई गेल्यावर १८२८ च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी सुरू केली. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त त्याच्या डोक्यात पक्का होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून किती पीक निघते ते काढायचे, मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा लावायचा, अशी त्याची योजना होती. कागदावर तिच्यात खोट नव्हती. पण हे आकडे आणणार कोण? हाताखालचे कारकून आणि मोजणीदार. कुणी लाच घेऊन प्रत बदलली, कुणी शेतात न जाताच रकाने भरले. मोजमापे चुकली, उत्पन्नाचे आकडे बनावट निघाले, सारा भलताच बसला, आणि लोक जमिनी टाकून निघून गेले. काही वर्षांतच सरकारला ही पद्धत मोडीत काढावी लागली. माहिती गोळा करण्याच्या शास्त्राचा मराठी मुलखातला पहिला मोठा धडा मी हाच मानतो. गणित अचूक होते, पण त्यात घातलेला आकडा खोटा होता, आणि त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली.

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्याने काम हाती घेतले. प्रिंगलचा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. निव्वळ उत्पन्न डोळ्यांना दिसत नाही, मातीचा रंग आणि खोली दिसते. म्हणून खड्डा खणून थर मोजायचा, चुनखडी किंवा वाळू असेल तर तेवढे वजा करायचे आणि जमिनीला आण्यांत प्रत द्यायची. सर्वांत उत्तम जमीन सोळा आणे. जे मोजता येते तेच मोजावे, ही या पद्धतीमागची शहाणीव होती. मुंबई इलाख्याची जमीन महसूल व्यवस्था पुढे तिच्यावरच उभी राहिली.

पिकाचे आणे मात्र मातीसारखे मोजले जात नव्हते, ते नजरेने ठरत. तलाठी आणि पाटील शिवारात फिरून यंदाचे पीक आठ आणे की दहा आणे ते सांगत. हीच आणेवारी. प्रांताचे उत्पादन काढताना लागवडीचे क्षेत्र, ‘नेहमीचे’ पीक आणि यंदाचे आणे यांचा गुणाकार केला जाई. नेहमीचे पीक म्हणजे किती, यावरच एकमत नव्हते. काही प्रांत सोळा आणे धरत, काही बारा. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचा वाद मुळात याच आकड्यावरचा होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची वसुली तहकूब करावी असा नियम होता. सरकार म्हणे पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत खाली आहे. ठक्करबाप्पा, गोपाळ कृष्ण देवधर आणि ना. म. जोशी हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते चौकशीसाठी तिथे गेले होते. गांधीजी आणि वल्लभभाई गावोगाव फिरून स्वतः पिकाची माहिती घेत होते. आकडा कसा काढला हे विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे, ही गोष्ट खेडा सत्याग्रहाने राजकारणात आणली. महाराष्ट्रात आजही आणेवारीची वारस पैसेवारी चालते. ५० पैशांच्या खाली गेलेले गाव दुष्काळी सवलतींच्या चर्चेत येते, आणि तिच्या पहिल्या फेरीला अजूनही नजर अंदाज म्हणतात.

नजरेचा भरवसा नसेल तर सगळेच मोजावे, हा दुसरा रस्ता. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाचे घर न् घर तपासून १९१७ साली अहवाल छापला. पेशवाईतल्या जुन्या कागदांशी ताडून पाहता १७७१ साली ४० एकर असलेले सरासरी खाते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे त्यांना दिसले. दख्खनच्या गरिबीबद्दल इतका बोलका आकडा तोवर कुणी मांडला नव्हता. पण एका गावाला इतके कष्ट पडत असतील, तर साडेपाच लाख गावांचे काय?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पातेल्यातला भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजतो, म्हणून ती परीक्षा खरी ठरते. शिवार तसे शिजत नाही. ओढ्याकाठचे शेत आणि माळावरचे शेत यांत दुपटी-चौपटीचा फरक असतो. म्हणून कोणते शीत उचलायचे हे हाताने ठरवू नये, चिठ्ठीने ठरवावे. हे आपल्या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर करून दाखवले जॉन हबॅक या सनदी अधिकाऱ्याने. बिहार-ओरिसात १९२३ ते १९२५ या काळात त्याने यादृच्छिक जागी भाताचे लहान त्रिकोणी तुकडे कापून उत्पन्न काढले. त्याचा अहवाल १९२७ मध्ये पुसाहून, म्हणजे बिहारमधल्या जुन्या पुसाहून, प्रसिद्ध झाला, आणि इंग्लंडात रोनाल्ड फिशरसारख्या संख्याशास्त्रज्ञाने त्याची दखल घेतली.

इथून वाट दोघांच्या हाती गेली. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली आणि १९३७ पासून बंगालच्या तागाचे सर्वेक्षण नमुन्याने केले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. तिथे जेर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्याजवळ शिकले. समष्टीचे थर पाडून प्रत्येक थरातून किती नमुना घ्यावा, हा नेमनचा १९३४ चा विचार सुखात्म्यांनी लगेच पुढच्या वर्षी पुढे नेला. परत आल्यावर दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत त्यांनी तो शिवारात उतरवला. तालुका हा थर, थरातून चिठ्ठीने गावे, गावातून शेते, शेतातून एक तुकडा. शेताच्या कोपऱ्यापासून लांबीला इतकी पावले आणि रुंदीला इतकी पावले, तीही यादृच्छिक संख्यांच्या कोष्टकातून. खुंटी तिथेच ठोकायची, समोर पीक उभे असो की जळालेले. हाच पीक कापणी प्रयोग.

महालनोबीस आणि सुखात्मे यांचा वाद तुकडा केवढा घ्यायचा यावर झाला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा वाद. बंगालमध्ये ४ फूट त्रिज्येची लहान वर्तुळे कापत. खर्च कमी, म्हणून तुकडे पुष्कळ घेता येत. सुखात्मे ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग असलेला आयत घेत. ‘नेचर’मध्ये १९४६ साली त्यांनी दाखवले की तुकडा लहान केला की उत्पन्न फुगते. कारण कडेवर आहे. सीमारेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. ४ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस फूट आणि परीघ सुमारे २५ फूट, म्हणजे दर २ चौरस फुटांना १ फूट कड. सुखात्म्यांच्या आयतात दर साडेपाच चौरस फुटांना १ फूट. कड जितकी जास्त, तितकी ही चूक मोठी.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाची सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे शेतात उभी आहे. चिठ्ठीने आलेल्या चुका कधी वर, कधी खाली जातात. नमुना चौपट केला की त्या निम्म्या होतात. पण प्रत्येक तुकड्यात एकाच बाजूला झुकणारी चूक, म्हणजे अभिनती, हजार तुकडे घ्या की लाख, तसूभर हलत नाही. उलट नमुना मोठा म्हणून खोट्या आकड्यावर विश्वास मात्र वाढतो. महालनोबीसांनी आपल्या बाजूने वेगळा इलाज काढला होता. दोन स्वतंत्र पथकांकडून दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि उत्तरे ताडून पाहायची. माणसाच्या हाताची चूक पकडायला तोही उत्तम मार्ग होता. पण दोन्ही पथकांचा हात एकाच बाजूला झुकत असेल तर तो पुरत नाही, आणि म्हणून तुकड्याच्या प्रश्नात मला सुखात्मेच बरोबर वाटतात.

१९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्ष महालनोबीस होते. सदस्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव होते. देशाचे उत्पन्न काढायला बसल्यावर खेड्यातले घर किती खर्च करते हेच माहीत नसल्याचे दिसले, आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत १,८३३ खेडी निवडली गेली. पिकाची चिठ्ठी आता माणसांच्या घरावर आली.

या पाहणीच्या आकड्यांवरून पुण्यात पुन्हा वाद पेटला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पाहणीतली खर्चाची माहिती आणि माणशी २,२५० कॅलरी यांवरून १९७१ साली भारतातल्या गरिबीचे चित्र मांडले. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली होते. रोममधल्या अन्न व शेती संघटनेतले काम संपवून पुण्यात आलेल्या सुखात्म्यांनी हरकत घेतली. सरासरी गरजेलाच सीमा मानली तर धडधाकट माणसेही उपाशी मोजली जातात, कारण प्रत्येकाची गरज वेगळी असते आणि एकाच माणसाची दिवसागणिक बदलते. म्हणून सीमा सरासरीच्या खाली, दोन प्रमाण विचलनांच्या अंतरावर असावी, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांनी त्याला कडवा विरोध केला. गणितात सुखात्म्यांचा मुद्दा पक्का आहे. तरीही कमी खाण्यावर शरीराने जमवून घेतले म्हणजे ते पुरेसे झाले असे ठरत नाही, आणि इथे मी दांडेकरांच्या बाजूने आहे. दोघेही सातारा जिल्ह्यातले, दोघांनाही आकड्यामागचा माणूस दिसत होता.

आता द्वारका. पप्पनकलाँ या नावाने आखलेली ही उपनगरी पोचनपूर, भरथल, ककरोला अशा गावांच्या शिवारावर उभी राहिली. मानांचे पिंपळे सौदागरही आज असेच फाटकबंद सोसायट्यांनी भरले आहे. नमुना पाहणी शहराचे छोटे गट पाडते, चिठ्ठीने गट निवडते, गटातली घरे लिहून काढते आणि त्यांतली काही घरे चिठ्ठीने घेते. २०२२-२३ च्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत देशभरातली २,६१,७४६ घरे होती, आणि शहरी घरांचे थर मोटारीवरून पाडले होते: दहा लाखांच्या वरची मोटार, त्याहून स्वस्त मोटार, आणि बाकीचे. सुखात्म्यांच्या तालुक्यांच्या जागी मोटारी आल्या, एवढाच फरक.

कड मात्र तीच आहे. गणक फाटकाशी येतो, पहारेकरी इंटरकॉमवर विचारतो, वरून नकार येतो. त्या घराच्या जागी दुसरे घर घेतले जाते. नकार सगळ्या थरांतून सारखा आला असता तर फारसे बिघडले नसते. पण दार बंद ठेवण्याची सोय ज्याच्याकडे जास्त, त्याचा नकारही जास्त. मग शहराचा सरासरी खर्च खाली दिसतो, विषमता कमी दिसते, आणि घरे दुप्पट केली तरी ही चूक जात नाही. दुसऱ्या टोकाला ककरोल्याच्या भाड्याच्या खोल्यांत दिवसा कुलूप असते, तीही घरे निसटतात. शिवाय गावांची मूळ यादी अजून २०११ च्या जनगणनेची आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे.

प्रिंगलचे कारकून शेतात न जाता रकाने भरत होते. आपण दार उघडले नाही तर आपल्याही रकान्यात दुसऱ्याचे उत्तर जाते. आपण दिलेली माहिती गोपनीय ठेवण्याची हमी २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यात आहे. म्हणून सोसायटीच्या समितीने पहारेकऱ्यांना पाहणीची कल्पना आधी देऊन ठेवावी. तुमचे घर चिठ्ठीत निघाले तर गणकाचे ओळखपत्र नीट पाहा, त्याला बसायला सांगा, आणि मोटारीची खरी किंमत सांगा.