राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि नागपूर

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय : केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीतून आयआयटी खरगपूरने उभारलेले, संगणकावर व मोबाइलवर विनामूल्य वापरता येणारे ग्रंथालय. प्रायोगिक काम २०१५ मध्ये सुरू झाले. १९ जून २०१८ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांनी ते देशाला अर्पण केले. केरळमधील ग्रंथालय चळवळीचे प्रवर्तक पी. एन. पणिक्कर यांचा हा स्मृतिदिन. तो वाचनदिन म्हणून पाळला जातो.

नाव ग्रंथालयाचे असले तरी बहुतेक साहित्य येथे साठवलेले नसते. ठिकठिकाणच्या संस्थांकडील पुस्तके, प्रबंध, व्याख्यानांच्या चित्रफिती, जुन्या प्रश्नपत्रिका यांच्या नोंदी एका सूचीत आणायच्या आणि वाचकाला मूळ संग्रहापर्यंत पोचवायचे, हे त्याचे खरे काम. विषय, लेखक, भाषा, शैक्षणिक स्तर असे निकष लावून शोध आटोपशीर करता येतो. मूळ संस्थेने वर्गणीदारांपुरते राखलेले साहित्य मात्र सूचीत दिसते, उघडत नाही. नवख्या वाचकाचा हिरमोड होतो तो येथेच. म्हणून सर्वांना खुल्या असलेल्या साहित्यापासून सुरुवात करावी.

नागपूरकरांना या सूचीतून मिळणारी मोठी ठेव म्हणजे प्रबंध. नागपूर विद्यापीठ (स्थापना ४ ऑगस्ट १९२३) येथील पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात ठेवले जातात. पूर्वी असा प्रबंध पाहायचा तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातच जाऊन बसावे लागे. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झाले. तोपर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीची महाविद्यालये नागपूरलाच जोडलेली होती. तिकडच्या अभ्यासकांचे त्याआधीचे प्रबंध त्यामुळे नागपूरच्या नावाखाली शोधावेत. गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला ते एसटीचा प्रवास न करता वाचता येणे, ही सोय लहान नव्हे.

जुन्या मराठी ग्रंथांचे गणित वेगळे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. श्री. व्यं. केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चा उद्योग आरंभला तो नागपुरातच, पुढे तो पुण्याला गेला आणि २३ खंडांत पुरा झाला. केतकर १९३७ मध्ये वारले; तेव्हाच्या कायद्यात ही मुदत ५० वर्षांची होती, म्हणजे १९८८ पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी मोकळे आहे. ज्ञानकोश आज महाजालावर वाचायला मिळतो, तो यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या प्रयत्नांमुळे. स्कॅन करणारी संस्था पुढे आली नाही, तर हक्कमुक्त पुस्तकही कपाटातच राहते, आणि राष्ट्रीय सूचीला त्याचा पत्ता लागत नाही.

नागपूर विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये निवर्तले. ६० वर्षांच्या हिशेबाने त्यांची ‘ग्रामगीता’ १ जानेवारी २०२९ रोजी हक्कमुक्त होईल.